अराफत यांना भेटण्याचा गुन्हा!
मुंबईत वाढलेल्या एबी नाथन यांची विलक्षण कहाणी

विशेष प्रतिनिधी

ऑक्टोबर १९८९. इस्रायलमधील एका न्यायालयात बासष्ट वर्षांचा एक माणूस आरोपी म्हणून उभा होता. त्याने कुणाचा जीव घेतला नव्हता, शत्रूला लष्करी गुपिते विकली नव्हती, की कुठे स्फोटके दडवून ठेवली नव्हती. पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेचे नेते यासर अराफत यांची त्याने भेट घेतली होती, एवढाच त्याच्यावरील आरोप. ही भेट त्याने लपवूनही ठेवली नव्हती. उलट, आपण अराफत यांच्याशी शांततेविषयी बोललो आणि पुन्हा बोलू, हे तो उघडपणे सांगत होता. न्यायालयाने त्याला सहा महिने कारावासाची शिक्षा ठोठावली.

या घटनेला चार वर्षे पूर्ण होण्याआधीच, १३ सप्टेंबर १९९३ रोजी, वॉशिंग्टनमध्ये व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन यांनी त्याच अराफत यांच्याशी हस्तांदोलन केले. पुढच्याच वर्षी राबिन, परराष्ट्रमंत्री शिमॉन पेरेस आणि अराफत या तिघांना शांततेचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. नागरिकाने केला तो गुन्हा ठरला. सरकारने केले ते इतिहासात नोंदले गेले.

तुरुंगात गेलेल्या त्या नागरिकाचे नाव एबी नाथन. वैमानिक, उपाहारगृहाचे मालक, समुद्रातून चालणाऱ्या नभोवाणी केंद्राचे संस्थापक आणि हट्टी शांततावादी, अशी त्यांची अनेक रूपे इस्रायलने पाहिली. या मनस्वी माणसाचे बालपण मुंबईत गेले होते, हे मात्र फार थोड्या मुंबईकरांना ठाऊक असेल. पॅलेस्टिनींच्या हक्कांविषयी बोलण्यावर, त्यांच्या नेत्यांशी संबंध ठेवण्यावर कायद्याने बंधने घालण्याचे प्रयत्न आजही अनेक देशांत सुरू आहेत. अशा वेळी नाथन यांच्या आयुष्याकडे पुन्हा एकदा पाहण्यासारखे आहे.

मुंबईतील जडणघडण

नाथन यांचा जन्म २९ एप्रिल १९२७ रोजी इराणमधील आबादान या शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. लहान वयातच त्यांना शिक्षणासाठी मुंबईला पाठविण्यात आले आणि जेझुइट मिशनऱ्यांच्या निवासी शाळेत त्यांचे शिक्षण सुरू झाले. ज्यू घरातला मुलगा, ख्रिस्ती धर्मगुरूंची शाळा आणि भोवताली हिंदू, मुसलमान, पारशी यांनी गजबजलेले शहर, असे ते वातावरण होते. त्या काळच्या मुंबईत ज्यू समाज नवखा नव्हता. कोकणातून आलेले मराठी बोलणारे बेने इस्रायली आणि इराकच्या बाजूने आलेले बगदादी ज्यू या शहराच्या जीवनात मिसळून गेलेले होते. निरनिराळ्या धर्मांची माणसे एकाच शहरात शेजारी म्हणून राहू शकतात, याचा अनुभव नाथन यांनी वाढत्या वयात येथे घेतला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ मध्ये, ते ब्रिटिशांच्या हवाई दलात वैमानिक म्हणून दाखल झाले. १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाली आणि लगोलग अरब राष्ट्रांशी युद्ध पेटले, तेव्हा परदेशांतून आलेल्या स्वयंसेवक वैमानिकांत नाथनही होते. या युद्धात त्यांनी बॉम्बफेक केली. आपण आकाशातून ज्या अरब गावावर बॉम्ब टाकले, त्या गावाची दशा नंतर जमिनीवर उभे राहून पाहिल्यावर ते अंतर्बाह्य हादरले, असे पुढे त्यांनीच सांगितले. वैमानिकाला वरून दिसतात ती केवळ लक्ष्ये. खाली माणसे असतात, ही जाणीव त्यांना आयुष्यभर सोडून गेली नाही.

युद्धानंतर ते इस्रायलच्या 'एल अल' या विमान कंपनीत वैमानिक होते. पुढे त्यांनी तेल अवीवमध्ये 'कॅलिफोर्निया' नावाचे उपाहारगृह थाटले. कलावंत, पत्रकार, लेखक यांचा तो अड्डाच बनला. पैसा, लोकप्रियता, मित्रांचा गोतावळा असे सारे काही लाभलेला हा माणूस सुखासीन आयुष्य जगू शकला असता. तथापि, नियतीच्या मनात काही वेगळेच होते.

जुन्या विमानातून पोर्ट सैदला

१९६५ च्या निवडणुकीत नाथन उमेदवार म्हणून उतरले. निवडून आलो तर स्वतः विमान घेऊन इजिप्तला जाईन आणि अध्यक्ष गमाल अब्दुल नासर यांच्याशी शांततेविषयी बोलेन, असे आश्वासन त्यांनी मतदारांना दिले. मतदारांनी त्यांना नाकारले. पराभूत उमेदवाराचे आश्वासन कुणी लक्षात ठेवत नसते. नाथन यांनी मात्र ते स्वतःहून पाळले.

२८ फेब्रुवारी १९६६ रोजी 'शांती' असा अर्थ असलेले 'शालोम' हे नाव रंगविलेल्या एका जुन्या छोट्या विमानातून त्यांनी एकट्याने उड्डाण केले. थोड्याच वेळात त्यांचे विमान कोसळल्याची अफवा पसरली आणि इस्रायलमध्ये हळहळ व्यक्त होऊ लागली. प्रत्यक्षात ते इजिप्तमधील पोर्ट सैद येथे सुखरूप उतरले होते. इजिप्तच्या अधिकाऱ्यांनी त्यांना चांगली वागणूक दिली. नासर यांची भेट मात्र घडवली नाही आणि दुसऱ्या दिवशी त्यांना परत पाठवले. मायदेशी लोकांनी त्यांचे उत्स्फूर्त स्वागत केले, तर सरकारने बेकायदा देश सोडल्याबद्दल त्यांना ताब्यात घेतले. लोकांचे प्रेम आणि सरकारचा रोष एकाच वेळी वाट्याला येण्याचा हा पहिला प्रसंग होता. १९६७ च्या जूनमधील युद्धानंतर अवघ्या काही आठवड्यांत त्यांनी पुन्हा तोच प्रयत्न केला. या वेळी त्यांना तुरुंगाची हवा खावी लागली.

अनेकांना हा पोरकटपणा वाटला. काहींनी प्रसिद्धीचा हव्यास म्हणून त्यांची संभावना केली. एका माणसाने विमान उडवून दोन देशांतील वैर मिटत नसते, हे खरेच होते. परंतु शत्रूशी बोलता येते, निदान बोलण्याचा प्रयत्न करता येतो, ही कल्पना त्यांनी सामान्य इस्रायली माणसाच्या मनात रुजवली. पुढे नोव्हेंबर १९७७ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात स्वतः विमानाने इस्रायलमध्ये उतरले, तेव्हा अनेकांना नाथन यांच्या त्या उड्डाणाची आठवण झाली असल्यास नवल नाही.

समुद्रातून शांततेचा आवाज

नाथन यांचे सर्वांत गाजलेले कार्य म्हणजे 'व्हॉइस ऑफ पीस' हे नभोवाणी केंद्र. युरोपातील एक जुने मालवाहू जहाज त्यांनी विकत घेतले, त्यावर प्रक्षेपण यंत्रणा बसवली आणि मे १९७३ मध्ये तेल अवीवच्या किनाऱ्यापासून दूर, आंतरराष्ट्रीय सागरी हद्दीतून प्रसारण सुरू केले. बहुतेक कार्यक्रम इंग्रजी गाण्यांचे असत आणि अधूनमधून शांततेचे संदेश. पाश्चात्त्य संगीताची गोडी लागलेल्या त्या काळच्या तरुण पिढीने या केंद्रावर जीव टाकला. जमिनीवरचे कायदे त्या जहाजाला लागू नव्हते आणि त्याच्या ध्वनिलहरींना सीमेवरच्या काटेरी कुंपणांचा अडसर नव्हता. इस्रायलबाहेर शेजारच्या अरब देशांतही हे केंद्र ऐकू येत असे. तब्बल वीस वर्षे ते चालले.

केवळ बोलून थांबणारा हा माणूस नव्हता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस नायजेरियातील बियाफ्रामध्ये दुष्काळाने माणसे मरत असताना ते मदत घेऊन पोहोचले. १९७२ मध्ये निकाराग्वातील मानाग्वा येथे आणि १९७६ मध्ये ग्वाटेमालात भूकंप झाला, त्यानंतर कंबोडिया आणि इथिओपिया येथे उपासमार झाली, तेव्हाही अन्न, औषधे, तंबू घेऊन नाथन तेथे हजर होते. १९७८ मध्ये पॅलेस्टिनी भूभागावर उभारल्या जाणाऱ्या ज्यू वसाहतींच्या विरोधात त्यांनी दीर्घ उपोषण केले.

संवादालाच बंदी

शांततेसाठी इजिप्तशी बोलणे एक वेळ इस्रायली समाजाला मान्य होण्यासारखे होते. पॅलेस्टाइन मुक्ती संघटना, म्हणजेच पीएलओ, हा विषय मात्र अत्यंत स्फोटक होता. अरब राष्ट्रांनी १९७४ मध्ये या संघटनेला पॅलेस्टिनी जनतेची एकमेव अधिकृत प्रतिनिधी म्हणून मान्यता दिली आणि त्याच वर्षी अराफत यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भाषण केले. भारताने पीएलओच्या दिल्लीतील कार्यालयाला १९८० मध्ये पूर्ण राजनैतिक दर्जा दिला आणि अराफत दिल्लीत सन्माननीय पाहुणे म्हणून येत राहिले. इस्रायली नागरिकाच्या डोळ्यांसमोर मात्र दुसरेच चित्र होते. १९७२ मधील म्युनिक ऑलिम्पिकचे हत्याकांड, १९७८ मध्ये किनाऱ्यालगतच्या महामार्गावर बसवर झालेला हल्ला, १९८५ मधील 'अकिल लाउरो' जहाजाचे अपहरण या घटनांच्या जखमा ताज्या होत्या. निरपराधांचे रक्त सांडणाऱ्यांशी नागरिकांनी परस्पर बोलणी करणे म्हणजे त्यांना प्रतिष्ठा देणे होय, असे बहुसंख्य लोक मानत. या भावनेत खोटे काही नव्हते.

तरीही काही जण बोलत होते. १९८२ च्या उन्हाळ्यात इस्रायली सैन्याने बैरूतला वेढा घातला असताना पत्रकार उरी अव्हनेरी यांनी त्या वेढलेल्या शहरात जाऊन अराफत यांची उघड भेट घेतली. त्या वेळी अशा भेटीला स्पष्ट मनाई करणारा कायदा नव्हता. ही पळवाट बुजविण्यासाठी ऑगस्ट १९८६ मध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, दहशतवाद प्रतिबंधक वटहुकुमात दुरुस्ती केली. पेरेस तेव्हा संमिश्र सरकारचे पंतप्रधान होते. वंशद्वेषाच्या चिथावणीला आळा घालणारा कायदा त्याच सुमारास संमत झाला आणि हे दोन्ही कायदे म्हणजे डाव्या व उजव्या पक्षांमधील देवाणघेवाण असल्याचे मानले गेले.

या दुरुस्तीने दहशतवादी ठरवलेल्या संघटनेच्या पदाधिकाऱ्याशी जाणीवपूर्वक संपर्क साधणे हाच गुन्हा ठरला. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. कुटुंबीयांच्या भेटी, पत्रकार परिषदा, शास्त्रीय परिषदा अशा मोजक्या गोष्टींना सवलत मिळाली. मेख होती ती पुढेच. भेटीमागे देशाला अपाय करण्याचा हेतू होता, हे सरकारने सिद्ध करण्याची गरज उरली नाही. हेतू उदात्त होता असे आरोपीने दाखवून दिले, तरी त्याचा बचाव होणार नव्हता. कृतीला शिक्षा देताना हेतू तपासणे हे फौजदारी न्यायाचे जुने तत्त्व आहे. येथे ते बाजूला सारले गेले आणि शांततेची बोलणी व हल्ल्याचा कट यांना एकाच मापाने मोजले गेले.

या वटहुकुमाचा पूर्वेतिहासही उपरोधाने भरलेला आहे. संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ, स्वीडनचे काउंट फोल्के बर्नाडॉट यांची सप्टेंबर १९४८ मध्ये जेरुसलेममध्ये 'लेही' या ज्यू दहशतवादी गटाने हत्या केली. त्यानंतर आठवड्याभरातच, अशा गटांना आवर घालण्यासाठी, इस्रायल सरकारने हा वटहुकूम काढला होता. त्या 'लेही'च्या नेतृत्वात यित्झाक शामीर होते. शांततेसाठी धडपडणाऱ्या नाथन यांना चार दशकांनंतर त्याच वटहुकुमाखाली तुरुंगात धाडले गेले, तेव्हा इस्रायलचे पंतप्रधान होते हेच शामीर!

दोनदा तुरुंगवास

कायद्याची पहिली झळ चार शांतता कार्यकर्त्यांना बसली. नोव्हेंबर १९८६ मध्ये रुमानियात पीएलओच्या प्रतिनिधींशी झालेल्या जाहीर बैठकीत भाग घेतल्याबद्दल त्यांच्यावर खटला भरण्यात आला व त्यांना दोषी ठरवण्यात आले. डिसेंबर १९८७ मध्ये गाझा पट्टी आणि पश्चिम किनाऱ्यावर इंतिफादा पेटला. नोव्हेंबर १९८८ मध्ये पीएलओने पॅलेस्टाइन राष्ट्राची घोषणा केली आणि भारताने त्याला तत्काळ मान्यता दिली. त्यानंतरच्या महिन्यात अराफत यांनी दहशतवादाचा त्याग जाहीर केल्यावर अमेरिकेनेही पीएलओशी अधिकृत बोलणी सुरू केली. अमेरिकेचा राजदूत अराफत यांच्या माणसांना भेटू शकत होता. इस्रायली नागरिकाला मात्र ती मुभा नव्हती.

नाथन यांनी हा कायदा जाणूनबुजून मोडला आणि त्याची शिक्षाही स्वीकारली. भूमिगत होणे, भेट नाकारणे, पुराव्यांत त्रुटी शोधणे हे मार्ग त्यांनी अवलंबिले नाहीत. मराठी वाचकाला यात सविनय कायदेभंगाची ओळखीची रीत दिसेल. अन्यायी वाटणारा कायदा उघडपणे मोडायचा, त्याची किंमत स्वतः मोजायची आणि त्यातून समाजाला विचार करायला लावायचे, अशी ही रीत. १९८९ च्या शिक्षेतील सुमारे चार महिने भोगून ते बाहेर आले आणि पुन्हा अराफत यांना भेटले.

याच सुमारास कायदा सर्वांना सारखाच लागू होतो का, हेही दिसून आले. मंत्रिमंडळातील सदस्य एझर वाइझमन यांनी पीएलओशी संपर्क ठेवल्याचा ठपका ठेवून शामीर यांनी १९८९ च्या अखेरीस त्यांना बडतर्फ करण्याचे ठरवले. सरकार कोसळण्याची वेळ आली, तेव्हा तडजोड निघाली. वाइझमन अंतर्गत मंत्रिमंडळातून बाहेर पडले, पण मंत्री म्हणून कायम राहिले. १९९३ मध्ये तर ते इस्रायलचे राष्ट्राध्यक्ष झाले. उपाहारगृह चालवणाऱ्या नागरिकाच्या वाट्याला मात्र कोठडी आली होती.

१९९१ हे वर्ष शांततावाद्यांसाठी अधिकच कठीण होते. आखाती युद्धात अराफत यांनी सद्दाम हुसेन यांची बाजू घेतली आणि इराकची स्कड क्षेपणास्त्रे तेल अवीववर कोसळली. अराफत यांच्याविषयी सहानुभूतीचा शब्द काढणेही अवघड झाले होते. अशा वातावरणात नाथन यांनी संपर्कबंदीच्या कायद्याविरुद्ध पुन्हा उपोषणाचे हत्यार उपसले. शरीर खचत चालले, तरी कायदा हलला नाही. त्या वर्षी दुसऱ्या खटल्यात त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. चौसष्टाव्या वर्षी ते दुसऱ्यांदा गजाआड गेले. अखेर राष्ट्राध्यक्ष हाइम हेरत्झोग यांनी शिक्षा कमी केल्यामुळे मार्च १९९२ मध्ये त्यांची सुटका झाली.

कायदा गेला, प्रश्न राहिला

जून १९९२ च्या निवडणुकीत शामीर यांचा पराभव झाला आणि राबिन पंतप्रधान झाले. १९ जानेवारी १९९३ रोजी क्नेसेटने संपर्कबंदीची तरतूद रद्द केली. दुसऱ्याच दिवशी नॉर्वेतील सार्प्सबोर्ग येथे दोन इस्रायली प्राध्यापक आणि पीएलओचे अहमद कुरेई यांच्यात गुप्त बोलणी सुरू झाली. ओस्लो करार जन्मला तो याच बोलण्यांतून. विशेष म्हणजे, त्या प्राध्यापकांपैकी याइर हिर्शफेल्ड यांनी कुरेई यांची पहिली भेट डिसेंबर १९९२ मध्ये लंडनला घेतली होती. संपर्कबंदी तेव्हा अमलात होती. म्हणजे करारापर्यंत नेणारे पहिले पाऊलही, कायद्याच्या अक्षरानुसार पाहता, नाथन यांच्याच वाटेवरचे होते. ते गुपचूप पडले, एवढाच काय तो फरक!

संपर्कबंदीने पीएलओचे फारसे बिघडले नाही. इस्रायली समाजाचे मात्र नुकसान झाले. समोरच्या बाजूचे लोक काय विचार करतात, कोणत्या अटीवर शस्त्रे खाली ठेवतील, हे जाणून घेण्याची दारे त्याने साडेसहा वर्षे स्वतःसाठीच बंद करून घेतली.

ओस्लो करारानंतर आपले काम झाले, अशा समजुतीने नाथन यांनी १ ऑक्टोबर १९९३ रोजी 'व्हॉइस ऑफ पीस' बंद केले. केंद्राची आर्थिक स्थितीही ढासळली होती. जहाजाचे संग्रहालय करण्याचा विचार प्रत्यक्षात आला नाही आणि त्याच वर्षी ते भूमध्य समुद्रात बुडवण्यात आले. शांतता मात्र आली नाही. नोव्हेंबर १९९५ मध्ये राबिन यांची एका ज्यू अतिरेक्याने हत्या केली. १९९६ मध्ये नाथन यांना पक्षाघाताचा झटका आला आणि आयुष्यभर धावणारा हा माणूस परावलंबी झाला. पुढची वर्षे त्यांनी तेल अवीवमध्ये, प्रकाशझोतापासून दूर काढली. २००७ मध्ये तेल अवीवच्या महापालिकेने समुद्रकिनाऱ्यावर 'व्हॉइस ऑफ पीस'चा स्मृतिफलक लावला. २७ ऑगस्ट २००८ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. संपर्कबंदीचा कायदा आला तेव्हा पंतप्रधान असलेले पेरेस त्या वेळी इस्रायलचे राष्ट्राध्यक्ष होते. त्यांनीही नाथन यांना आदरांजली वाहिली.

संवादाला कायद्याने वेसण घालण्याची प्रवृत्ती मात्र नाथन यांच्याबरोबर संपली नाही. इस्रायलवर किंवा पश्चिम किनाऱ्यावरील वसाहतींच्या मालावर बहिष्काराचे आवाहन करणाऱ्यांवर नुकसानभरपाईचे दावे लावण्याची मुभा देणारा कायदा क्नेसेटने जुलै २०११ मध्ये केला. २०१५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याचा बहुतांश भाग कायम ठेवला. अमेरिकेतील तीसहून अधिक राज्यांनी अशा बहिष्काराच्या विरोधात कायदे किंवा आदेश केले. त्यांपैकी अनेक राज्यांत सरकारी कंत्राट हवे असल्यास, आपण इस्रायलवर बहिष्कार टाकणार नाही, असे लिहून द्यावे लागते. अशा कायद्यांचे समर्थक ज्यूद्वेषाला आळा घालण्याचे कारण पुढे करतात. ज्यूद्वेष खरा आहे आणि त्याविरुद्ध लढलेच पाहिजे, याविषयी दुमत नसावे. परंतु द्वेष आणि राजकीय मत यांतली रेषा कायद्याने पुसून टाकली, तर उद्या शांततेची भाषा बोलणाराही आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहू शकतो, हे नाथन यांच्या खटल्यांनी दाखवून दिले आहे.

आपल्या कबरीवर मोठी बिरुदे नकोत. प्रयत्न केला, एवढीच नोंद असावी, अशी इच्छा नाथन यांनी बोलून दाखवली होती. नासर त्यांना भेटले नाहीत, जहाज बुडाले, करार विस्कटला. यशापयशाच्या हिशेबात त्यांच्या बाजूला फारसे काही जमा दिसणार नाही. मात्र ज्या भेटीसाठी त्यांनी दोनदा तुरुंगवास पत्करला, ती भेट घेण्यावाचून त्यांच्या देशाच्या पंतप्रधानांनाही अखेर गत्यंतर उरले नाही. मुंबईच्या शाळेत शिकलेल्या या माणसाने ही वाट आधी चालून दाखवली होती.